एव्हिऑनिक्स बॉक्स काढा-बसवायची तयार हत्यारपेटी: कोणतं हत्यार कामाचं, कोणतं बदलून घ्यावं

विमानातला बिघडलेला एव्हिऑनिक्स बॉक्स (रेडिओ, दिशादर्शन अशा इलेक्ट्रॉनिक यंत्रणांचा) काढायचा, त्या जागी दुसरा बसवायचा आणि लागलंच तर कनेक्टरची एखाददुसरी पिन बदलायची, एवढ्या कामासाठी तयार मिळणाऱ्या पेट्यांबद्दल हे लिहितो आहोत. आत साधारण सारख्याच वस्तू असतात: ब्रेकरच्या क्लिपा आणि टॅग, मनगटपट्टा आणि घडीची चटई, कनेक्टरच्या टोप्या, मऊ जबड्यांची पक्कड, पिना काढा-घालायची प्लॅस्टिकची हत्यारं, दोन क्रिम्पर (तारेवर पिन दाबून पक्की करणारी हत्यारं), छोटा टॉर्क ड्रायव्हर, लॉकवायरची (बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायच्या तारेची) पक्कड, आरसा आणि टॉर्च. किमतीचा मोठा वाटा क्रिम्परांचा असतो आणि जाहिरातीतही तेच पुढे असतात. पण बॉक्स आणि हार्नेस (विमानातल्या तारांचा जुडगा) खऱ्या अर्थाने वाचवतात त्या क्लिपा, टोप्या आणि पट्टा. या स्वस्तातल्या वस्तूंमध्येच तयार पेट्यांनी हात आखडता घेतलेला असतो. म्हणून पेटी घेताना क्रिम्परचा खण नंतर बघावा, आधी हे तीन खण उघडावेत.

ब्रेकरच्या क्लिपा

ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारं बटण, ओढला की त्याच्या दांड्याचा जो भाग बाहेर येतो, त्याभोवती ही क्लिप बसते आणि ती असेपर्यंत ब्रेकर आत दाबता येत नाही. चांगल्या क्लिपची ओळख सोपी आहे. ती घालताना स्पष्ट ‘टक्’ असं बसते, काढायला मुद्दाम जोर लावावा लागतो आणि तिला टॅगची दोरी ओवायला भोक असतं. नुसता टॅग लटकवून भागत नाही. अंधाऱ्या कॉकपिटमध्ये टॅग उलटा फिरतो, शेजारच्या ब्रेकरवर लोळतो आणि मग कोणीतरी भलताच ब्रेकर आत दाबतो.

बऱ्याच पेट्यांत चारच क्लिपा येतात, त्या पुरत नाहीत. एका बॉक्सला एकच फीड (वीज येण्याची वाट) असेल असं धरून चालणं हीच पहिली चूक. मोठ्या विमानात त्याच बॉक्सला २८ व्होल्ट डीसी आणि ११५ व्होल्ट ४०० हर्ट्झ एसी असे दोन्ही पुरवठे असू शकतात. रॅकच्या पंख्याचा ब्रेकर वेगळा, पॅनेलच्या दिव्यांचा वेगळा. एक ब्रेकर ओढला, पडदा काळा झाला आणि बॉक्स मेला असं समजून कनेक्टर सोडवला, तर दुसऱ्या फीडवरच्या पिनेवर ठिणगी पडते. ती पिन वरवर पाहता ठीक दिसते, पण तिच्यावरचा सोन्याचा मुलामा जळालेला असतो. पेटीत किमान दहा क्लिपा असाव्यात आणि त्यांवर १ ते १० आकडे कोरलेले असावेत. काम संपल्यावर दहा मोजून परत आल्या की एकही ब्रेकर बाहेर राहिलेला नाही, याची ती सगळ्यात सोपी खात्री. आकडे नसलेल्या क्लिपा आल्या तर स्वतः कोरून घ्याव्यात, त्याला पाच मिनिटं पुरतात.

क्लिप कुठल्या ब्रेकरला लावायची ते आठवणीवर सोडू नये. त्या विमानाच्या मेंटेनन्स मॅन्युअलच्या कामाच्या पानावर ब्रेकरचं नाव आणि पॅनेलवरची त्याची अक्षर-आकड्याची जागा दिलेली असते. तीच यादी कागदावर उतरवून एकेका ओळीपुढे क्लिपचा आकडा लिहावा. नंतर बॅटरीच्या आणि बाहेरच्या वीजपुरवठ्याच्या स्विचवर टॅग. या स्विचांसाठी मोठे, फडफडणारे लाल टॅग वेगळे लागतात. काही पेट्यांत ते नसतातच.

क्लिप लावली म्हणजे लगेच हात घालायला मोकळीक मिळाली असंही नाही. स्ट्रोब लाइटच्या पॉवर सप्लायमध्ये कपॅसिटरवर काहीशे व्होल्ट साठलेले असतात. वीज बंद केल्यावर मॅन्युअलमध्ये सांगितलेली मिनिटं पूर्ण थांबायचं, ती साधारण पाच किंवा त्याहून जास्त असतात. इनर्शियल रेफरन्स युनिटचा (विमानाची दिशा आणि कल मोजणाऱ्या यंत्राचा) स्विच बंद केल्यावरही ते स्वतःचं कामकाज गुंडाळायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ घेतं, शिवाय त्याला बॅटरीचा राखीव पुरवठा असतो. ते बंद होण्याच्या आतच ब्रेकर ओढला तर त्याची बिघाडाची नोंद चुकते आणि वर्कशॉपला खोटा माग मिळतो. आग विझवण्याच्या बाटलीच्या स्फोटक कार्ट्रिजला या पेटीचं एकही हत्यार लावू नये. तिथे शॉर्टिंग कॅप लागते, ती या पेटीत नसते आणि तिचं काम वेगळ्या मंजुरीचं आहे.

मनगटपट्टा आणि चटई

माणसाला स्थिर विजेचा झटका जाणवायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात. बॉक्समधले काही भाग १०० व्होल्टच्या आतच दुखावतात. म्हणजे जे जाणवतच नाही त्याने भाग बिघडतो. आणि तो तिथल्या तिथे मरत नाही, अर्धमेला होतो. बॉक्स बसतो, चाचणीत पास होतो, चार आठवड्यांनी उड्डाणात अधूनमधून बंद पडतो. वर्कशॉपमध्ये टाकला की ‘दोष आढळला नाही’ अशा शेऱ्याने परत येतो. मनगटपट्टा घालायचा कंटाळा बॉक्स बदलताना दिसत नाही, तो असा नंतर दिसतो.

पट्ट्याच्या दोरीत १ मेगओमचा रोधक असतो. तो चार्ज हळू उतरवण्यासाठी तर असतोच, पण तो माणसाचाही रक्षक आहे: चुकून ११५ व्होल्टला हात लागला तर त्या वाटेने ०.१ मिलिअँपिअरच्या आसपासच प्रवाह जातो. म्हणून पट्टा तुटला की साध्या तारेने जोडून वापरणं हा सरळ धोका. आणि चालू विजेवर मोजमाप करायचं असेल तर पट्टा उतरवूनच करायचं.

पेट्यांतल्या पट्ट्यांमध्ये फरक दोन ठिकाणी पडतो. एक, आतली बाजू. चांगल्या पट्ट्याच्या आत धातूच्या तंतूंची विणीची बाजू त्वचेला सगळीकडून टेकते. स्वस्त पट्ट्यात वेल्क्रोची नुसती पट्टी आणि एकच बटण असतं. हिवाळ्यात किंवा वातानुकूलित हँगरमध्ये त्वचा कोरडी झाली की असा पट्टा नावापुरताच उरतो. दोन, टोकाची क्लिप. मगरीच्या दातांची क्लिप रंग लावलेल्या किंवा अ‍ॅनोडाइझ केलेल्या रॅकवर चिमटली तर ती जोडलेली दिसते, पण जोडलेली नसते. अ‍ॅनोडाइझचा थर विद्युतरोधक असतो. ज्या विमानात रॅकजवळ ग्राउंड जॅक दिलेला असतो, तिथे केळ्याच्या आकाराचा बनाना प्लग सरळ जॅकमध्ये जातो, म्हणून दोन्ही टोकांची दोरी असलेली पेटीच घ्यावी. सोबत पट्टा तपासायचा छोटा टेस्टर हवा. माणूस आणि पट्टा मिळून ३५ मेगओमच्या आत यायला हवं, ही एएनएसआय/ईएसडी एस२०.२० या स्थिर विजेच्या मानकातली मर्यादा. टेस्टरची ही चाचणी रोज काम सुरू करताना करावी, महिन्यातून एकदा नव्हे.

चटईबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तिला स्वतःची ग्राउंड दोरी आहे का आणि घडीच्या रेघेवर ती चिरत नाही ना, एवढं बघावं.

टोप्या: पेटीतली सर्वात कमी लेखलेली वस्तू

कनेक्टर सुटला की लगेच टोपी, दोन्ही बाजूंना. बॉक्सच्या बाजूला आणि विमानाच्या हार्नेसच्या बाजूलाही. बॉक्सच्या बाजूची टोपी काळी, वाहक प्लॅस्टिकची असावी. साध्या लाल-पिवळ्या प्लॅस्टिकच्या टोप्या धूळ अडवतात, पण घासल्या की स्वतःच चार्ज धरतात आणि तो थेट पिनांच्या शेजारी नेऊन ठेवतात. अनेक पेट्यांत या रंगीत टोप्या भरपूर आणि काळ्या मोजक्या, असा हिशेब दिसतो. हवं त्याच्या उलट.

टोपी नाही म्हणून कनेक्टरवर चिकटपट्टी लावायची सवय तर मोडलीच पाहिजे. पट्टी सोलताना तिच्यापासून मोठा चार्ज तयार होतो, तोही उघड्या पिनांपासून काही मिलिमीटरवर. शिवाय तिचा गोंद सॉकेटच्या तोंडाशी राहतो, त्यात धूळ चिकटते, आणि पुढच्या वेळी पिन आत जाताना तो गोंद आत खोल ढकलला जातो.

पिशव्यांचंही तसंच. गुलाबी पॉलिथिनची पिशवी स्वतः चार्ज धरत नाही एवढंच, बाहेरच्या क्षेत्रापासून ती काहीही अडवत नाही. बॉक्स किंवा सुटं कार्ड पाठवायचं असेल तर राखाडी, धातूचा थर असलेली शिल्डिंग पिशवीच हवी. तिच्या तोंडाला घडी घालून त्यावर काळ्या-पिवळ्या त्रिकोणातल्या हाताचं स्टिकर लावावं.

रॅकमधून काढणं आणि परत बसवणं

आरिंक ६०० (विमानातल्या बॉक्स-रॅकच्या मापांचं मानक) रॅकमधला बॉक्स पुढे खालच्या बाजूला एक किंवा दोन गोल नॉबांनी धरलेला असतो आणि मागचा कनेक्टर आंधळेपणाने जुळतो, कारण तो हाताने लावायची सोय नसते. नॉब सोडताना तोच बॉक्सला पुढे खेचून कनेक्टर सोडवतो. म्हणून दोन नॉब असतील तर आळीपाळीने सोडायचे, एक पूर्ण सोडून मग दुसरा नव्हे. एकीकडून सोडला तर बॉक्स तिरका होतो आणि शेकडो पिनांचा कनेक्टर तिरका निघतो. या कामाला पेटीतलं एकही हत्यार लागत नाही, आणि लावूही नये. नॉबमध्ये ठरलेल्या जोरावर घसरणारा क्लच असतो, त्याची ‘खटखट’ आली की पुरे. पक्कड लावून त्यापुढे आवळला तर तो क्लच निकामी होतो आणि पुढच्या माणसाला खरा जोर किती लागला ते कधीच कळत नाही. बॉक्स बाहेर येताना तो हँडलला धरून, खालून दुसरा हात देऊन काढायचा. जड बॉक्स असेल तर दोन माणसं.

पॅनेलमधले छोटे रेडिओ आणि जीपीएस समोरच्या बारीक भोकातून ३/३२ इंचाच्या हेक्स किल्लीने सुटतात. पेटीत ही किल्ली लांब दांड्याची, गोल मुंडीची नव्हे, सपाट टोकाची हवी. गोल मुंडी तिरकी लागते आणि आतला स्क्रू गोल करून टाकते. तो स्क्रू गेला की बॉक्स बाहेर काढायला अख्खं पॅनेल उघडावं लागतं. या एका किल्लीसाठी दहापट काम वाढू शकतं, म्हणून टोक जरा झिजलं की ती फेकून नवी आणावी.

बसवताना आधी आरसा आणि टॉर्च. रॅकच्या मागच्या कनेक्टरमध्ये वाकलेली पिन, सुटलेलं सील, पडलेला वॉशर बघायचा. हवेच्या भोकाचं गॅस्केट फाटलेलं नाही ना, तेही बघायचं, कारण थंड हवा चुकीच्या वाटेने गेली तर नवा बॉक्सही तापूनच मरतो. मग कोडिंगचे षटकोनी खुंट: कनेक्टरवरचे तीन खुंट योग्य कोनात असतील तरच योग्य बॉक्स आत जातो. बॉक्स शेवटचे काही मिलिमीटर जात नसेल तर जोर लावायचा नाही, बाहेर काढून खुंट आणि बॉक्सच्या पाटीवरचा पार्ट नंबर बघायचा. न जाणारा बॉक्स हे पुष्कळदा चुकीच्या बॉक्सचंच लक्षण असतं. इनर्शियल युनिटच्या ट्रेचे स्क्रू मात्र कुठल्याही परिस्थितीत सैल करू नयेत. तो ट्रे विमानाच्या अक्षाशी मोजून बसवलेला असतो.

पेटीतली टॉर्च बऱ्याचदा डोळ्यांवर येणाऱ्या निळसर उजेडाची असते. गरम पांढऱ्या उजेडात वाकलेल्या पिनेची सावली जास्त स्पष्ट पडते. आरसा बरा असतो.

मऊ जबड्यांची पक्कड

गोल कनेक्टर हाताने न सुटला तर ही पक्कड. जबड्यांत बदलता येणारे प्लॅस्टिकचे तुकडे असतात, ते गुळगुळीत झाले की घसरतात, म्हणून दोन जोड्या जास्तीच्या हव्यात. दातेरी पक्कड कनेक्टरला कधीच लावायची नाही. कॅडमियमचा थर खरवडला जातो, खालचं अ‍ॅल्युमिनियम उघडं पडतं, गंज धरतो आणि कॅडमियमची ती भुकटी शरीराला विषारी असते. डी३८९९९ सिरीज ३ (गोल कनेक्टरचा एक प्रमाणित प्रकार) चा कनेक्टर एका फेऱ्यात बसतो, त्याच्या कडेची लाल रिंग पूर्ण झाकली गेली की तो बसला. रिंगेची बारीकशी रेघ जरी दिसत असेल तरी तो बसलेला नाही, मग तो कितीही घट्ट वाटला तरी. लाल रेघ दिसत असताना पक्कड लावून पुढे रेटण्याआधी तो एकदा पूर्ण सोडून त्याची ‘की’ (जुळणीची खाच) जुळते का बघावं. बऱ्याचदा एखादी पिन आडवी आलेली असते.

पिना काढा-घालायची हत्यारं

पेटीचा खरा कस इथे लागतो. एम८१९६९/१४ (अमेरिकन लष्करी मानकाचा क्रमांक) मालिकेतली प्लॅस्टिकची ही हत्यारं दोन टोकांची असतात. पांढरं टोक काढायला, रंगीत टोक घालायला. रंग पिनेचा आकार सांगतो (२२डी सगळ्यात बारीक, १२ सगळ्यात जाड): २२डीला हिरवा, २० ला लाल, १६ ला निळा, १२ ला पिवळा. पेटी उघडल्याबरोबर टोकं भिंगाखाली बघावीत. टोकाची कड गुळगुळीत हवी. साच्यातून निघालेल्या स्वस्त नकलेत कडेवर प्लॅस्टिकची बारीक पातळ कात राहिलेली असते आणि तीच कनेक्टरच्या रबरी ग्रोमेटला (तारा आत जातात तिथल्या सीलला) चिरते.

काढायची पद्धत अशी. वायर पांढऱ्या टोकाच्या खाचेत बाजूने बसवायची. हत्यार वायरीवरून सरकवत सरळ आत न्यायचं, ग्रोमेटमधून जाताना किंचित अडथळा, मग तळाशी टेकल्याची जाणीव. टेकलं की टोकाने पिनेला धरून ठेवणाऱ्या बारीक पाकळ्या उघडलेल्या असतात. आता वायर अंगठ्याने हत्यारावर दाबून धरायची आणि दोन्ही एकदम सरळ ओढायचं. न आलं तर हत्यार बाहेर काढून ९० अंशात फिरवून पुन्हा घालायचं. आत असताना फिरवायचं नाही. फिरवलं की टोकाचा पापुद्रा तुटून आतच राहतो, आणि तो काढणं पिन काढण्याहून कठीण. ग्रोमेट कोरडं असेल तर टोकाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब. तेल किंवा ग्रीस नको.

घालताना रंगीत टोक वायरीवर बसवून पिनेच्या खांद्यामागे टेकवायचं, कनेक्टरच्या अक्षात सरळ दाबत न्यायचं. ‘टिक्’ असा बारीक आवाज किंवा बोटाला झटका येतो. हत्यार रिकामं बाहेर काढायचं आणि वायर हलकेच ओढून बघायची. ही ओढ विसरली तर काय होतं: पिन पूर्ण बसलेली नसते, समोरचा कनेक्टर जोडताना ती मागे ढकलली जाते, जमिनीवर सगळं चालतं आणि कंपनात संपर्क सुटतो. रिकाम्या कप्प्यात सीलिंग प्लग घालायला विसरू नये. ओलावा आत शिरायला एक भोक पुरतं.

प्लॅस्टिकची टोकं झिजतात. २२डीचं हिरवं हत्यार सगळ्यात आधी जातं, कारण त्याची भिंत सगळ्यात पातळ. पेटीत प्रत्येक आकाराचं एकेकच हत्यार येतं. हिरवी पाच, लाल तीन, बाकीची दोन-दोन अशी जोड घेऊन ठेवावी. धातूच्या टोकांची हत्यारं जास्त टिकतात, पण नवख्या हातात ती ग्रोमेट आणि पाकळ्या दोन्ही मोडतात. दाटीवाटीच्या आयताकृती कनेक्टरसाठी ती लागतात, बाकी ठिकाणी प्लॅस्टिकच बरं.

आणि एक गोष्ट जी जवळपास कुठल्याच पेटीत नसते: मोजणीसाठी योग्य आकाराच्या पिना लावलेल्या तारा. २२डी पिनेची जाडी ०.७६ मिलिमीटर. साध्या मल्टिमीटरच्या सळईचं टोक २ मिलिमीटरच्या घरात. ते सॉकेटमध्ये एकदा खुपसलं की सॉकेटच्या पाकळ्या कायमच्या पसरतात. व्होल्टेज मोजून होतं, आणि मोजता मोजता नवा, अधूनमधून येणारा दोष तयार होतो. बॉक्स बदलला, तरी दोष तिथेच, मग दुसरा बॉक्स, तरी तिथेच, या चक्राचं कारण अनेकदा हेच असतं. २२डी, २०, १६ आणि १२ च्या जोडीच्या पिना अर्ध्या मीटर वायरला क्रिम्प करून, दुसऱ्या टोकाला बनाना प्लग लावून, चार रंगांच्या चार तारा स्वतः बनवाव्यात. पेटी विकणाऱ्याने हे दिलं असतं तर तिचा दर्जा एकदम वर गेला असता.

क्रिम्पर

इथे तक्रारीला जागा कमी. डॅनियल्स कंपनीचं एएफ८, म्हणजे एम२२५२०/१-०१, १२ ते २६ गेजच्या (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप) तारांसाठी, आणि त्याचाच धाकटा भाऊ एएफएम८, म्हणजे एम२२५२०/२-०१, २० ते ३२ गेजसाठी. दोन्ही बारीक कामासाठी वर्षानुवर्षं टिकतात. रॅचेट पूर्ण दाब झाल्याशिवाय सुटत नाही, त्यामुळे अर्धवट क्रिम्प होत नाही. पिनेवर आठ खड्डे उमटतात. क्रिम्परसोबत कुठले पोझिशनर (पिन योग्य जागी धरणारे भाग) आले ते मात्र नीट बघायला हवं. एम३९०२९/५८-३६० या २२डी पिनेला के४२ पोझिशनर लागतो. तो नसेल तर त्या पिनेसाठी महागडा क्रिम्पर असून नसल्यासारखा. पिनेवरच्या तीन रंगीत पट्ट्याही वाचायला शिकावं. नारिंगी, निळी, काळी म्हणजे ३-६-०, म्हणजे तीच पिन. हातात पडलेली सुटी पिन कुठली, हे पाकीट न बघता कळतं.

क्रिम्प झाल्यावर पिनेच्या बाजूच्या तपासणी भोकातून तारेचे धागे दिसायला हवेत. दिसत नसतील तर तार आत पुरेशी गेलेली नाही, ती पिन कापून टाकायची. एकदा क्रिम्प झालेल्या पिनेवर दुसऱ्यांदा दाब देणं हा दुरुस्तीचा मार्ग नाही. वायरीवरचं आवरण सोलताना एकही धागा तुटता कामा नये. त्यासाठी पेटीत येणारा साधा वायर स्ट्रिपर बाजूला ठेवून टेफ्लॉनच्या वायरीला चालणारा, ठरलेल्या मापाच्या पात्यांचा स्ट्रिपर घ्यावा. पेटीतला स्ट्रिपर ही तिची सगळ्यात कमजोर वस्तू. वायरीच्या चंदेरी मुलाम्यावर ओरखडा पडला की नंतर तिथेच धागा तुटतो.

क्रिम्परचा दाब बरोबर आहे का ते तपासायचा गेज पेटीत असावाच. हँडल पूर्ण बंद करून मग गेजचं हिरवं टोक सैल जायला हवं आणि लाल टोक जायला नको. गेज आत ठेवून हँडल दाबू नये. असं करून गेज आणि दाते दोन्ही खराब होतात.

बाँडिंग मीटर, जो पेटीत नसतो

बॉक्स बसवल्यावर त्याचा रॅकशी आणि विमानाच्या सांगाड्याशी विजेचा जोड नीट आहे का, हे मोजावं लागतं. एफएए या अमेरिकी विमान नियामक संस्थेच्या एसी ४३.१३-१बी प्रमाणे बाँडिंग जोडाचा रोध ०.००३ ओमच्या, म्हणजे ३ मिलिओमच्या वर जाऊ नये. विमानाच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो धरायचा. साध्या मल्टिमीटरने हे मोजता येत नाही. त्याच्या तारांचाच रोध ०.१ ओमच्या पुढे असतो. चार तारांचा मिलिओम मीटर लागतो आणि तो स्वतंत्र घ्यावा लागतो. जोडाच्या जागेवरचा रंग आणि अ‍ॅनोडाइझ घासून काढायचं, बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळायचा, मोजायचं, आणि मग उघड्या धातूवर सील लावायचं. घासायला वायरब्रश घेतला तर तो अ‍ॅल्युमिनियमच्या भागासाठी स्टीलचा नसावा. स्टीलचे कण अडकून राहतात आणि त्यावर गंज चढतो.

पेटीतला छोटा टॉर्क ड्रायव्हर इंच-पाउंडमध्ये असतो. त्याची मर्यादा बघून घ्या, कारण छोट्या स्क्रूंचा टॉर्क एकदम कमी असतो आणि ड्रायव्हरच्या खालच्या टोकाच्या जवळचं मोजमाप भरवशाचं नसतं. लॉकवायरची पक्कड चांगली असते. ०.०३२ इंचाच्या वायरीला इंचात ६ ते ८ पीळ येतील एवढंच फिरवायचं. जास्त पीळ दिला की वायर ठिसूळ होते आणि पहिल्याच कंपनात तुटते.

काय घ्यावं, काय जोडावं

क्लिपा दहापेक्षा कमी, काळ्या टोप्या मोजक्या, पट्ट्याचा टेस्टर नाही, अशी पेटी असेल तर ती किमतीत कितीही आकर्षक असली तरी परत करावी. या तिन्ही गोष्टी पुऱ्या असतील तर बाकी कमी-जास्त आपण भरून काढू शकतो. पेटीसोबत पुढची जोड मागवावी: जास्तीचे हिरवे हत्यार, मऊ जबड्यांचे जादा तुकडे, सपाट टोकाच्या ३/३२ च्या किल्ल्या, दर्जेदार स्ट्रिपर, मिलिओम मीटर, शिल्डिंग पिशव्या आणि मोजणीच्या तारा बनवायला प्रत्येक आकाराच्या दहा-दहा पिना. पेटीतला फोम दोन रंगी असावा, वर काळा आणि खाली पिवळा, म्हणजे हत्यार उचललं की रिकाम्या साच्यातून पिवळा दिसतो. विमान सोडण्याआधी पिवळं दिसतं का बघायचं. दिसलं तर ते हत्यार विमानातच कुठेतरी आहे आणि ते सापडेपर्यंत विमान सोडायचं नाही.

बॉक्स बदलल्यानंतरचं काम पेटीच्या बाहेरचं आहे, पण पेटी बंद करण्याआधी करायचं आहे: नव्या बॉक्सचा सॉफ्टवेअर पार्ट नंबर जुन्याशी जुळवणं, ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख सांगणारं यंत्र) असेल तर २४ बिटांचा पत्ता विमानाच्याच नोंदणीचा आहे ना ते वाचून घेणं, ४०६ मेगाहर्ट्झचा ईएलटी (अपघातात संकटाचा संदेश पाठवणारा ट्रान्समीटर) असेल तर तो चुकून सुरू होऊ न देता टेस्टरवरच तपासणं, होकायंत्राजवळ काही बदललं असेल तर होकायंत्र पुन्हा जुळवणं. क्लिपा एकेक करून काढताना यादीतल्या ओळीपुढे खूण करत जायचं, दहावी क्लिप फोममध्ये गेली की मगच वीज चालू करून बॉक्सची स्वयंचाचणी लावायची.